काही न गाळता

मावशीने विचारलं ते अगदी साधं होतं. तिच्याकडे सिनेमांच्या डिस्कनी भरलेलं एक कपाट आहे. निवडून घेतलेल्या, खोक्यांसकट जपलेल्या डिस्क. त्यांतल्या काही आता मधेच अडकायला लागल्या, म्हणून ती म्हणाली, "अरे, हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावं म्हणते. एखादं सोपं सॉफ्टवेअर सांग. मला त्यात फार डोकं घालायचं नाहीये." मी नाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच पुढे विचारलं, "आणि खालची अक्षरं? ती येतात ना सगळी? आणि तो दिग्दर्शक बोलत असतो, ते?" मावशीला ऐकायला कमी येतं. अक्षरं नसतील तर तिचा अर्धा सिनेमा निसटतो. आणि एखादा सिनेमा मनात बसला की दुसऱ्यांदा ती तो दिग्दर्शकाच्या भाष्यासह बघते. हेडफोन घट्ट बसवून, मधेमधे थांबवून, मागे जाऊन. मी तिला म्हटलं, "बघून सांगतो." त्या दिवसापासून तिचे ते दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. डोकं घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही, या दोन्ही मागण्या एकाच सॉफ्टवेअरकडून पुऱ्या होतात का? मला तोवर वाटत आलं होतं की सोपं म्हणजे कमी बटणांचं. मावशीच्या प्रश्नाने त्यावर पुन्हा विचार करायला लावलं.

डिस्क अडकते तो क्षण ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. माणूस दार उघडत असतो आणि दार उघडतच नाही. चेहऱ्याचे चौकोन होतात, आवाजाचा एक तुकडा दोनदा-तीनदा वाजतो, ड्राइव्हमधून घरघर वाढते, मग अचानक दृश्य पुढे उडी मारतं आणि मधलं कायमचं राहून जातं. डिस्क बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरली की तिच्यावर सप्तरंग सांडतात, आणि त्या रंगांत एखादा ओरखडा दिसतो. कधी काहीच दिसत नाही, आणि तेच जास्त वाईट. डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. सिनेमा असतो त्या दोघींच्या मधल्या पातळ धातूच्या थरावर, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या. चिकटवण कुठे सुटली, आत हवा आणि ओलावा शिरला, की तो थर हळूहळू गंजतो. वरून डिस्क नवीकोरी दिसते, पण लेझरला परत येणारा प्रकाशच मिळत नाही. ओरखडा पुसता येत नसला तरी घासून थोडा सुधारता येतो. गंजाला उपाय नाही. पुसतानासुद्धा मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. कारण सिनेमाची माहिती गोलाकार वळत जाणाऱ्या एकाच रेषेवर मांडलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक वळणाचा थोडाथोडा भाग खातो आणि तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः दुरुस्त करून घेतो; रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मोठा तुकडा घेऊन जातो. इतका विचार करून बनवलेली ही वस्तू आहे, आणि तरी ती संपते. म्हणून प्रत काढायची ती अडकायला लागण्याच्या आधी.

मावशीसाठी शोधायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी थकवा आला. प्रत्येक जाहिरातीत तेच तीन शब्द: सोपं, वेगवान, मोफत. उतरवून घेतलं की कळतं, मोफत म्हणजे सिनेमाची पहिली काही मिनिटं, किंवा चित्राच्या मधोमध कंपनीचं नाव. पडद्यावर फोनांच्या आणि टीव्हींच्या चित्रांची लांबच लांब रांग. तुमचं यंत्र निवडा, बटण दाबा, बाकी आमच्यावर सोडा. याचा मोह मला कळतो. दिवसभराच्या कामानंतर कुणीतरी "बाकी आमच्यावर सोडा" म्हणावं असं कुणाला वाटत नाही? पण त्या बाकीमध्ये काय काय असतं हे मावशीने नेमकं विचारलं होतं. मी त्यातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये एक डिस्क घातली, मोठं हिरवं बटण दाबलं आणि तयार झालेली फाईल उघडली. सिनेमा होता, चित्र बरं होतं, आवाजही होता. एकच आवाज. दुसरी भाषा नाही, भाष्य नाही, अक्षरं नाहीत. काही गाळलं आहे हे सांगणारी एक ओळसुद्धा कुठे नव्हती. डिस्कवर काय होतं हे ज्याला आधीपासून माहीत नाही, त्याला हे कधीच कळणार नाही. मावशीच्या हातात ती फाईल पडली असती तर सिनेमा सुरू झाल्यावर पहिल्याच संवादाला तिने रिमोट उचलला असता, अक्षरांचं बटण दाबलं असतं, आणि खाली काहीच आलं नसतं.

डिस्कच्या आत डोकावून बघितलं की मन जरा शांत होतं. आत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर, त्यात जास्तीत जास्त एक जीबीचे तुकडे करून ठेवलेल्या व्हीओबी फाईली. चित्र, सगळे आवाज, सगळी अक्षरं त्यांतच एकमेकांत विणलेली. त्यांच्या शेजारी आयएफओ फाईली. कोणता तुकडा कशानंतर, कुठे कोणती भाषा, मेन्यूतलं कोणतं बटण कुठे नेतं, याचा नकाशा. आणि प्रत्येक आयएफओची एक जुळी बीयूपी फाईल. ती म्हणजे त्या नकाशाचीच दुसरी प्रत, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. हे मला फार आवडतं. ज्यांनी १९९० च्या दशकात हा आराखडा आखला त्यांना डिस्क खराब होणार हे ठाऊक होतं, आणि त्यांनी तिच्याच पोटात बॅकअप ठेवून दिला. फक्त नकाशाचा, सिनेमाचा नाही. सिनेमाचं आपल्याला बघायला लागतं.

मग ही फोल्डरं सरळ कॉपी का करू नयेत? कारण बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक सिनेमांवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. चाळीस बिटांची किल्ली. आजच्या हिशोबाने अगदीच लहान. १९९९ मध्ये ते उघडणारा डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम बाहेर आला. त्यात हात असलेल्या योन लेक योहानसेन या नॉर्वेतल्या मुलावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. कुलूप तांत्रिकदृष्ट्या तेव्हाच निकामी झालं, पण कायद्याचा प्रश्न राहिला आणि तो देशोदेशी वेगळा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात असं कुलूप उघडणंच मना आहे, डिस्क तुमची असली तरी. ब्रिटनने २०१४ मध्ये स्वतःपुरती प्रत काढायला मुभा दिली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयात ती रद्द झाली. आपण राहतो तिथला नियम बघूनच हात घालावा, हे मी मावशीलाही सांगितलं. माझी स्वतःची रेघ स्पष्ट आहे: डिस्क विकत घेतलेली, कपाटात असलेली, आणि प्रत घराबाहेर जाणार नाही. डिस्क विकली किंवा कुणाला दिली तर प्रत पुसायची. जिने घेतली तिला ती बघता येत राहावी, एवढाच यातला हेतू. त्यापलीकडे गेलं की ज्यांनी सिनेमा केला त्यांच्यावर अन्याय होतो, आणि मावशीसारख्या माणसाला तो सहन होणार नाही.

आता मुद्द्याकडे येतो. या कामात खरं तर दोन वेगळी कामं आहेत, आणि बाजारातली बहुतेक सॉफ्टवेअर ती एका बटणामागे लपवतात. पहिलं, डिस्कवरून सिनेमा आहे तसा काढून घेणं. दुसरं, तो लहान करणं. पहिल्यात काही हरवत नाही. दुसऱ्यात हरवतंच, कारण लहान करणं म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं. घर बदलताना सामान आधी सगळंच्या सगळं नव्या घरी आणावं आणि टाकायचं काय ते तिथे निवांत बसून ठरवावं, ट्रक दारात उभा असताना नाही, तसंच हे. एका बटणाची सॉफ्टवेअर ट्रक दारात उभा असताना, तुम्हाला न विचारता, सामान टाकून मोकळी होतात.

दोन्ही कामं एकत्र करण्याची सवय कुठून आली तेही आठवतं. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात, आणि घरी लिहिता येणाऱ्या साध्या कोऱ्या डिस्कमध्ये ४.७. हार्ड डिस्क तेव्हा लहान होत्या, त्यामुळे प्रत म्हणजे कोऱ्या डिस्कवरच. डीव्हीडी श्रिंक नावाचा एक छोटा प्रोग्रॅम तेव्हा घरोघरी होता; २००४ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. त्यात एक पट्टी असायची. ती हिरव्यात येईपर्यंत एकेक गोष्टीची खूण काढत जायची. परदेशी भाषा गेली, पडद्यामागचं गेलं, भाष्य गेलं, आणि तरी बसेना तर सिनेमाच दाबायचा. रात्रभर पंख्याचा आवाज, सकाळी शाईच्या पेनने नाव लिहिलेली जांभळट डिस्क. त्या काळात तोच शहाणपणा होता. आज त्या डिस्क लावल्या की अंधारातल्या दृश्यांत काळ्या रंगाचे ठोकळे हलताना दिसतात, आणि ज्या अजून वाचता येतात त्यांचं नवल वाटतं, कारण घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरत जातो. पण ते कारणच आता उरलेलं नाही. शंभर डीव्हीडी, सगळ्या दोन थरांच्या आणि काठोकाठ भरलेल्या धरल्या, तरी ८५० जीबी. एक टीबीच्या एका डिस्कमध्ये बसतात. ब्ल्यू-रेचा हिशोब वेगळा. तिथे एका डिस्कवर पन्नास जीबीपर्यंत असतात, म्हणजे एका टीबीत वीसच. तिथे लहान करण्याचा विचार यावा हे मला समजतं. डीव्हीडीसाठी नाही.

म्हणून मावशीसाठी मी निवडलं ते मेकएमकेव्ही. दिसायला ते अजिबात आकर्षक नाही. एक जुन्या धाटणीची खिडकी, डावीकडे यादी, उजवीकडे एक बटण. डिस्क घातली की ती वाचायची, यादीत हवं ते निवडायचं, बटण दाबायचं. आतलं चित्र ते पुन्हा बनवत नाही. डिस्कवर जसं आहे तसं उचलून एमकेव्ही नावाच्या पेटीत ठेवतं, शेजारी सगळे आवाज, सगळी अक्षरं, प्रकरणांच्या खुणा. डीव्हीडीसाठी ते मोफत आहे, आणि बीटा, म्हणजे चाचणीच्या, अवस्थेत असेपर्यंत ब्ल्यू-रेसाठीही. मला त्यात पटलं ते हे की डिस्कवर काय काय आहे ते आधी तुमच्यासमोर मांडतं. इंग्रजी आवाज, सहा चॅनल. फ्रेंच आवाज, दोन चॅनल. अक्षरांचे इतके ट्रॅक. प्रत्येकापुढे चौकोन. न विचारता गाळणं आणि विचारून गाळणं यांतला सगळा फरक त्या चौकोनांत आहे.

तरी डोळे मिटून विसंबावं असं तेही नाही. दोन मिनिटांपेक्षा लहान तुकडे ते मुळात यादीतच दाखवत नाही. सेटिंगमध्ये किमान लांबी कमी केली की ते दिसू लागतात. आणि आपोआप लागलेल्या खुणा एकदा नजरेखालून घालाव्या लागतात. एकाच भाषेत सहा चॅनलचा आवाज आणि दोन चॅनलचा आवाज असेल तर दोन चॅनलच्या चौकोनात खूण नसू शकते. वरवर बघता बरोबरच. कमी प्रतीचा आवाज कशाला घ्या? पण दिग्दर्शकाचं भाष्य नेमकं त्याच भाषेत, दोन चॅनलमध्ये असतं. मावशीला मी एवढा एकच नियम दिला: यादी उघडायची आणि सगळ्या चौकोनांत खूण करायची. ती म्हणाली, "म्हणजे निवडायचं काहीच नाही? मग सोपंच आहे की."

हँडब्रेकचं नाव मी तिला सांगितलं नाही, आणि ते सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं म्हणूनच त्याचं कारण इथे लिहितो. एरिक पेटी यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं आणि त्याची १.० आवृत्ती यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. तेरा वर्षं माणसं फुकट राबत राहिली आणि 'अजून पूर्ण झालं नाही' म्हणत राहिली. ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. पण हँडब्रेक दुसऱ्या कामाचं साधन आहे. ते कुलूप उघडत नाही, ते लहान करतं. त्यात आरएफ नावाचा एक आकडा असतो. तो कमी केला की चित्र चांगलं आणि फाईल मोठी, वाढवला की उलट. मूळचा २२. डीव्हीडीसाठी १८ ते २२ च्या मधे कुठेही ठेवला तरी फाईल बऱ्यापैकी लहान होते आणि डोळ्याला फरक जाणवायला लक्ष देऊन बघावं लागतं. पण त्याला हात लावला की प्रश्नांमागून प्रश्न येतात. फाईल एमपी४ की एमकेव्ही? एमपी४ घेतली तर ब्ल्यू-रेची अक्षरं आत वेगळी ठेवता येत नाहीत; ती अक्षरं नसून अक्षरांची चित्रं असतात, आणि त्या प्रकारची चित्रं एमपी४ मध्ये बसत नाहीत. ती सिनेमावर कायमची छापावी लागतात आणि मग पुसता येत नाहीत. जुन्या डिस्कवर हलत्या माणसाच्या कडेला आडव्या रेघांचे दाते दिसतात, ते काढायचे का, आणि कसे? चुकीच्या पद्धतीने काढले तर हालचालीचा गोडवा जातो, आणि मूळ प्रत पुसली असेल तर तो परत येत नाही. प्रवासात टॅबवर बघायला, फोनवर न्यायला हँडब्रेक जरूर वापरावं. मूळ फाईल हातात असेल तर त्यात कितीही वेळा चुकता येतं.

एमकेव्हीतही एक गोष्ट मात्र जाते. मेन्यू.

याची मला अजून सवय झालेली नाही. डिस्क घातली की सिनेमाच्या संगीताचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहायचा, मागे एखादं दृश्य हळू सरकायचं, आणि सगळे येऊन बसेपर्यंत कुणी 'प्ले' दाबायचं नाही. त्या तुकड्यावरून मी आजही काही सिनेमे ओळखतो, सिनेमाच्या पहिल्या दृश्यावरून नाही. फाईल उघडली की सिनेमा धाडकन सुरू होतो. ज्यांना ते दार हवं असेल त्यांनी संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा ठेवावी. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर ती मेन्यूसकट चालवतो. जागा थोडी जास्त लागते आणि टीव्हीला जोडलेल्या सगळ्याच उपकरणांना ती वाचता येत नाही. मी काही निवडक डिस्कसाठी दोन्ही ठेवतो. मावशीला विचारलं तर तिला मेन्यूचं काही नव्हतं. उलट, तिथली बारीक अक्षरं वाचून भाषा बदलायला तिला नेहमीच त्रास व्हायचा. माझ्यासाठी जे गाळणं आहे ते तिच्यासाठी सुटका ठरलं, आणि हे ठरवणारा मी नाही.

काम सुरू झाल्यावर मी तिच्या शेजारी बसलो होतो. पहिल्या डिस्कची यादी उघडली आणि ती थबकली. सिनेमाखाली आणखी काही तुकडे होते. "हे अकरा मिनिटांचं काय आहे?" बटण दाबलं, ड्राइव्ह फिरू लागला, वेगाचा आवाज चढत गेला. तो तुकडा म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी घेतलेली मुलाखत होती. मेन्यूच्या कुठल्यातरी तिसऱ्या पानावर असणार. ही डिस्क तिच्याकडे इतकी वर्षं होती आणि हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती खुर्ची पुढे ओढून बघत बसली आणि पुढची डिस्क त्या दिवशी घातलीच नाही. सगळीकडे यादी इतकी सरळ नसते हेही सांगायला हवं. काही डिस्कवर प्रत काढणाऱ्याला चकवायला मुद्दाम नव्व्याण्णव शीर्षकं, म्हणजे यादीतले वेगवेगळे तुकडे, भरलेली असतात, डीव्हीडीत तेवढीच मावतात. सगळी एकसारख्या लांबीची, एकच खरं, बाकी दृश्यांचा क्रम उलटापालटा. अशा वेळी व्हीएलसीमध्ये डिस्क लावून, सिनेमा सुरू करून, कोणतं शीर्षक चालू आहे ते बघायचं आणि तेवढंच निवडायचं.

फाईल तयार झाली म्हणजे झालं असं मानू नये. सुरुवात, शेवट आणि मधले दोन-चार भाग लावून बघावेत, आवाज बदलून बघावा, अक्षरं लावून बघावीत. दोन थरांच्या डिस्कमध्ये साधारण मध्याच्या आसपास लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातो. तिथे हमखास बघावं. डिस्क अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हने हात टेकलेली डिस्क दुसरा निमूट वाचतो हे मी अनेकदा पाहिलंय. नाव देताना सिनेमाचं नाव आणि पुढे वर्ष, म्हणजे पुढे जेलीफिन किंवा कोडीसारखं सिनेमांचा संग्रह मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरलं तर तेच पोस्टर आणि माहिती शोधून लावतं, आणि एकाच नावाचे दोन सिनेमे एकमेकांत मिसळत नाहीत. आणि हार्ड डिस्क एक नको, दोन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी. हार्ड डिस्क तर डीव्हीडीपेक्षाही न सांगता जाते.

मावशी आता माझ्याशिवाय करते. क्रम तिने स्वतः ठरवलाय: आधी ज्या अडकतात त्या, मग ज्या आता कुठेच विकत मिळत नाहीत त्या, आणि सगळ्यात शेवटी ज्या पुन्हा सहज मिळतील त्या. मला हा क्रम सुचला नसता. मी नावांच्या क्रमानेच गेलो असतो. काल तिचा फोन आला तो मालिकांच्या डिस्कबद्दल. एका डिस्कवर चार भाग, आणि यादीत पाच शीर्षकं दिसतात. मी सांगितलं, पाचवं सगळ्यात मोठं आहे, ते सगळे भाग एका दमात दाखवण्यासाठी जोडलेलं, ते सोडून दिलं तरी चालेल, सगळे भाग बाकीच्या चारांत आहेत. पण भागांचा क्रम यादीत बरोबर असेलच असं नाही, तो प्रत्येक भाग उघडून, नाव वाचून लिहून घ्यावा लागेल. "चालेल," ती म्हणाली, "वही काढलीये मी. सहा सीझन आहेत."